योजना पूर्ण झाली, आता ती चालवायची कोणी? – लहान शहरांचे पाणी आणि मैलापाणी

जलकुंभ (धागाकर्ता)

लहान शहरांच्या पाण्याविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुतेक वेळा नव्या योजनेच्या निमित्ताने. किती कोटी मंजूर झाले, भूमिपूजन कोणाच्या हस्ते होणार, धरणातला वाढीव कोटा मिळणार की नाही, यावर पानेच्या पाने लिहिली जातात. योजना पूर्ण होऊन नगरपरिषदेकडे हस्तांतरित झाली की चर्चा थांबते, आणि खरे काम तर त्याच दिवशी सुरू होते. मी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेला अभियंता आहे. किती पाणी उचलले, किती पोहोचले, त्याला किती वीज लागली, किती पैसे आले आणि किती मैला बाहेर पडला, हा रोजचा हिशेब कोणा एकाच्या जबाबदारीवर ठेवला जात नाही, तोवर कितीही निधी आला तरी नळाला दिवसाआडच पाणी येणार, असे माझे ठाम मत झाले आहे.

उदाहरणादाखल २२ हजार लोकवस्तीचे एक शहर घेऊ. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी केंद्राच्या नियमपुस्तिकेतील निकष माणशी दररोज १३५ लिटरचा आहे. म्हणजे दिवसाला साधारण ३० लाख लिटर पाणी लागेल. जॅकवेलपासून (नदी-धरणाचे पाणी जिथून पंपाने उचलतात त्या विहिरीपासून) उंच टाकीपर्यंतची चढण आणि पाइपातील घर्षण मिळून ८० मीटर धरू. एक युनिट वीज ३६७ घनमीटर पाणी एक मीटर उचलते, हा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे. त्यानुसार पंप आणि मोटार यांची एकत्रित कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर रोज सुमारे ९३५ युनिट लागतील. हाच पंप झिजून ५० टक्क्यांवर आला, तर १,३०० च्या वर युनिट जळतील. फरक रोजचा पावणेचारशे युनिटांचा, वर्षाचा १ लाख ३६ हजार युनिटांचा. सात रुपये दर धरला, तरी साडेनऊ लाख रुपये होतात. या रकमेत इंपेलर (पंपातील फिरते चाक) आणि बेअरिंग बदलून पंप दुरुस्त होतो आणि पैसे उरतातही. तरीही दुरुस्तीचा प्रस्ताव पडून राहतो, कारण वीजबिल भरणे अपरिहार्य मानले जाते आणि दुरुस्ती हा जास्तीचा खर्च मानला जातो.

पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था ही कामे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ नुसार नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही ती आहेत. कर्तव्य कोणाचे याविषयी कायद्यात संदिग्धता नाही. पण मुख्याधिकारी बदलून जातात, अभियंत्याकडे पाण्याबरोबर बांधकाम आणि दिवाबत्तीही असते, आणि संपूर्ण जाळ्याची माहिती एखाद्या जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की कोणता व्हॉल्व्ह कोठे पुरला आहे हेही कोणाला सांगता येत नाही.

ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी आपल्या शहराचा अनुभव लिहावा, ही विनंती.

फिल्टरहाऊस

जलकुंभ सर, मी एका लहान जलशुद्धीकरण केंद्रावर ठेकेदारामार्फत ऑपरेटर आहे. आपण विजेचा हिशेब मांडलात, मी औषधाचा मांडतो.

आमच्याकडे क्लोरीन वायू नाही, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरतो. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन सुमारे ३३ टक्के असते. ३० लाख लिटर पाण्याला लिटरमागे दोन मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर सहा किलो क्लोरीन हवे, म्हणजे साधारण १८ किलो पावडर. पण पोते उघडून ओलसर खोलीत महिनोन्‌महिने पडले की क्लोरीन उडून जाते आणि तीच पावडर वीस टक्क्यांवर येते. वजन करून तीच १८ किलो टाकली, तरी पाण्यात क्लोरीन जाते ३.६ किलो. नोंदवहीत मात्र ‘१८ किलो’ हेच लिहिले जाते आणि तपासणी करणारेही तेच वाचून सही करतात. म्हणून पावडर किती टाकली यापेक्षा शेवटच्या घरच्या नळाला किती क्लोरीन शिल्लक राहिले ते नोंदवणे महत्त्वाचे आहे. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकल्यावर चाचणीच्या नळीतले पाणी पिवळे झाले पाहिजे, आणि टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळाले पाहिजे. आमच्याकडे ही चाचणी केंद्राच्या आवारातल्या नळावर होते. तेथे ती नेहमीच पिवळी येणार.

पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तुरटीची मात्रा दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते. त्यासाठी चंचुपात्रांत वेगवेगळी मात्रा घालून पाणी ढवळून पाहण्याची चाचणी असते. तिचे यंत्र केंद्रावर आहे, पण ते चालवायला कोणालाही शिकवलेले नाही. ठेका बदलला की माणसे बदलतात. फिल्टर बेडचे बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडून वाळू धुणे) कधी करायचे हे मी आधीच्या ऑपरेटरकडून ऐकून शिकलो, आणि माझ्यानंतर येणारा माझ्याकडून ऐकेल. केंद्र बांधणाऱ्या कंपनीने दिलेली मार्गदर्शिका जाडजूड आहे, पण ती इंग्रजीत आहे आणि कार्यालयाच्या कपाटात आहे.

रेवती_कु

मी पाणी भरणाऱ्या घरातून लिहिते. आमच्या शहरात चौथ्या दिवशी पाणी येते. चार दिवसांनी येण्याबद्दल माझी तक्रार दुसऱ्या क्रमांकाची आहे. पहिली तक्रार ही, की ते किती वाजता येईल हे कोणीच सांगत नाही. पहाटे साडेचारला आले तर उठावे लागते, सकाळी अकराला आले तर कामावर गेलेल्या बाईचे पाणी बुडते. आमच्या गल्लीत जिला पाण्यासाठी खाडा करावा लागतो तिचा त्या दिवसाचा रोज जातो. पाणीपट्टीपेक्षा ही किंमत कितीतरी मोठी आहे आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

गल्लीच्या सुरुवातीच्या घरांनी नळाला थेट मोटार लावली की शेवटच्या घरांना पाणी मिळत नाही. मग शेवटची घरेही मोटार घेतात. त्यांना दोष देऊन काय उपयोग? वीज गेली की मोटारी बंद पडतात आणि त्या दिवशी आमच्या टोकाला उत्तम पाणी येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

माझी सूचना साधी आहे. पाणी द्यायचे वेळापत्रक प्रभागनिहाय आधी जाहीर करावे, आणि त्यात बदल झाल्यास आदल्या संध्याकाळी कळवावे. घंटागाडीवरून कचऱ्याची सूचना देता येते, तर पाण्याचीही देता येईल.

लेखानोंद

रेवतीताईंच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. आता पैशाची बाजू लिहितो, कारण माझी नोकरी लेखा विभागात गेली.

बहुसंख्य लहान नगरपरिषदांत पाणीपट्टी ही ठोक असते. अर्धा इंची नळाला वर्षाला अमुक रुपये, मग घरात दोन माणसे असोत वा बारा. हा दर वाढवण्याचा ठराव निवडणुकीच्या आधी कोणी आणत नाही आणि नंतरही क्वचितच आणतो. दुसऱ्या बाजूला वीजबिल, तुरटी, टीसीएल आणि ठेकेदाराचे देयक दरवर्षी वाढते. तूट सामान्य निधीतून भरली जाते, म्हणजे रस्ते, दिवे आणि शाळा यांच्या पैशातून.

मूळ अडचण अशी, की ही तूट नेमकी किती आहे हेच कोणाला सांगता येत नाही. पाणीपट्टी घरपट्टीच्याच बिलावर येते आणि एकत्र वसूल होते. अर्धवट रक्कम भरली तर ती कोणत्या शीर्षात जमा झाली, हे लिपिकाच्या सवयीवर अवलंबून असते. अभियंत्याचा पगार आस्थापनेत, पाइप दुरुस्ती बांधकामात, जेसीबीचे भाडे आरोग्य विभागात. हजार लिटर पाणी नळापर्यंत पोहोचवायला आपल्या शहराला किती रुपये लागतात, असा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारून पाहा. उत्तर मिळणार नाही, कारण ते लपवलेले नसून कोणी काढलेलेच नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांखालील शहरांना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित ठेवली होती. तिचा निम्मा भाग स्वच्छता व घनकचऱ्यासाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन व पुनर्वापर यांसाठी होता. हा पैसा बल्क मीटर (मुख्य वाहिनीतून जाणारे एकूण पाणी मोजणारे मोठे मीटर) आणि गळतीशोध यांसाठी वापरता आला असता. माझ्या पाहण्यात तो प्रामुख्याने पाइप खरेदीकडे गेला, कारण पाइप दिसतो आणि त्याचे उद्घाटन करता येते.

पाणी व मैलापाणी यांचे स्वतंत्र खाते उघडावे, त्यात आलेला पैसा त्याच कामाला लागावा आणि त्याचा वार्षिक ताळेबंद सूचना फलकावर लावावा, यासाठी नवा कायदा लागत नाही. सभेचा ठराव आणि तो पाळणारा लेखापाल पुरेसा आहे.

जलकुंभ (धागाकर्ता)

लेखानोंद, हा प्रश्न फार चांगला मांडलात. राज्य शासनाच्या महाराष्ट्र सुजल निर्मल अभियानात ग्राहक सर्वेक्षण, पाण्याचे लेखापरीक्षण, ऊर्जा लेखापरीक्षण आणि संगणकीकृत देयके या सुधारणांवर भर होता. अहवाल अनेक शहरांत झाले. ते अहवाल आजही कार्यालयात असतील. त्यातील ऊर्जा लेखापरीक्षणाचे शेवटचे पान काढून पाहावे, तेथे करायच्या कामांची यादी असते.

चांगले उदाहरणही सांगतो. कराडला लागून असलेले मलकापूर. तेथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि स्थानिक संस्था यांनी मिळून चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना राबवली, आणि लहान शहरात हे होऊ शकते हे २००८–०९ च्या सुमारास दाखवून दिले. पाणी कोयनेचे. घरजोडण्यांना गंजणाऱ्या लोखंडी नळ्यांऐवजी प्लास्टिकच्या अखंड नळ्या, प्रत्येक जोडणीला दुरून वाचता येणारे मीटर, आणि वापर वाढेल तसा वाढत जाणारा टप्प्याटप्प्याचा दर. यांतली एकही गोष्ट एकटी चालली नसती. मीटर नसता तर चोवीस तास नळ उघडा राहिला असता, टप्प्याचा दर नसता तर मीटरला अर्थ नसता, आणि जोडणी गळकी असती तर दाब टिकला नसता. कर्नाटकात हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी येथील काही भागांतही २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झाले. बेळगावच्या वाचकांनी त्याबद्दल लिहिल्यास आनंद होईल.

पठारावरून

सर, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून विरोधी मत नोंदवतो. मलकापूरला बारमाही नदी आहे. आमच्या मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी धरणच फेब्रुवारीत तळाला जाते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पाणीच नसताना मीटर काय मोजणार?

दुसरे म्हणजे, आमच्याकडे एकदा मीटर बसवून झाले आहेत. पाणी येण्याआधी नळातून हवा सुटते आणि त्या हवेने मीटरचा काटा गरगर फिरतो. पाणी अर्धी टाकी आणि बिल पूर्ण टाकीचे, असे झाल्यावर लोकांनी मीटर काढून फेकले. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. झोपडपट्टीतल्या घरात एका नळावर तीन कुटुंबे असतात. टप्प्याच्या दराने त्यांना वरचा दर लागेल, हाही अन्याय आहे.

जलकुंभ (धागाकर्ता)

पठारावरून, आपले तिन्ही मुद्दे खरे आहेत, म्हणून एकेकाला उत्तर देतो.

खंडित पुरवठ्यात हवेने मीटर फिरतो, हे तंत्रदृष्ट्या बरोबर आहे. म्हणूनच घरोघरी मीटर ही पहिली पायरी असू नये. आधी जॅकवेल, शुद्धीकरण केंद्राचे प्रवेश व निर्गम आणि प्रत्येक उंच टाकीचा निर्गम एवढ्याच ठिकाणी बल्क मीटर बसवावेत. लहान शहरात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लागतात. त्यानंतर एका टाकीचा एकच झोन निवडून त्याच्या जोडण्या बदलाव्यात, दाब टिकवावा, आणि पाणी सलग राहू लागल्यावरच तेथे घरगुती मीटरवर बिल द्यावे.

एका नळावर तीन कुटुंबे असतील, तर टप्पा नळाप्रमाणे न धरता कुटुंबाप्रमाणे धरावा. त्यासाठी ग्राहक सर्वेक्षण नीट झालेले हवे. दर ठरवताना पहिला टप्पा गरजेपुरत्या पाण्याचा आणि अगदी कमी दराचा ठेवणे हे सभेच्या हाती आहे.

धरण आटते तेथे तर गळतीचा हिशेब जास्तच महत्त्वाचा ठरतो. केंद्राच्या २००८ च्या सेवा मानकांनुसार उत्पन्न न देणारे पाणी, म्हणजे पुरवठ्यात सोडलेले पण ज्याचे पैसे येत नाहीत असे पाणी, २० टक्क्यांच्या आत असावे. ते ४० टक्के असेल, तर धरणात राहिलेल्या शंभर दिवसांच्या पाण्यातले चाळीस दिवसांचे पाणी जमिनीत मुरते किंवा चोरीला जाते. हे अर्ध्यावर आणले, तरी उन्हाळ्यात किती दिवस वाढतील ते आपणच पाहा. पाऊस पाडणे नगरपरिषदेच्या हाती नाही, गळके फेरूल (मुख्य वाहिनीला घराची नळी जोडणारा सांधा) बदलणे मात्र आहे.

दवाखाना_गल्ली

मी डॉक्टर आहे आणि खंडित पुरवठ्याविषयी वैद्यकीय बाजू मांडू इच्छितो. पाणी बंद झाले की पाइपातील दाब शून्यावर येतो, आणि उतारावर पाणी पुढे ओसरताना काही ठिकाणी तो शून्याखाली जातो. त्या क्षणी जिथे चीर असेल तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. आपल्याकडे घरजोडणीची नळी बहुतेक ठिकाणी उघड्या गटारातून आडवी जाते, आणि ती गंजलेली असते. म्हणजे दर वेळी पाणी बंद होताना गटाराचा थोडासा अंश नळीत येतो आणि पुढच्या वेळी तो पहिल्या हंड्यात उतरतो.

२०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती आणि त्यात लोकांचे प्राण गेले होते. हिपॅटायटिस ई हा विषाणू मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो आणि गर्भवती स्त्रियांना तो विशेष घातक ठरतो. दवाखान्यात एकाच गल्लीतून काविळीचे तीन-चार रुग्ण आले, तर मी नगरपरिषदेच्या पाणी विभागाला त्याच दिवशी कळवतो. पण कळवायचे कोणाला, हे शहरातल्या सर्व डॉक्टरांना माहीत असायला हवे. आरोग्य विभाग रुग्ण मोजतो, पाणी विभाग पाइप दुरुस्त करतो आणि या दोघांच्या नोंदी एकमेकांसमोर कधी ठेवल्या जात नाहीत. शहराचा नकाशा घेऊन त्यावर गळतीच्या तक्रारी आणि जुलाब-काविळीचे रुग्ण एकत्र मांडले, तर कोणती गल्ली आधी खणायची हे लगेच कळेल.

कृष्णाकाठ

आतापर्यंत बहुतेकांनी पाण्याविषयीच लिहिले, म्हणून मैलापाण्याकडे वळतो. पुरवलेल्या पाण्याच्या सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे धरतात. जलकुंभांच्या उदाहरणातील शहरात रोज २४ लाख लिटर. ते कोठे जाते? शौचालयाचे सेप्टिक टँकमध्ये, टँकचे ओसंडलेले पाणी उघड्या गटारात, गटार ओढ्यात आणि ओढा नदीत. त्याच नदीच्या खालच्या अंगाला दुसऱ्या गावाचे जॅकवेल असते.

प्रत्येक लहान शहराला भुयारी गटार हवे असते. पण भुयारी गटारात मैला वाहून जाण्यासाठी पाण्याला पुरेसा वेग लागतो, सेकंदाला किमान ०.६ मीटर तरी. चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या शहरात लोक बालदीने जपून पाणी टाकतात. तेथे गटारांत मैला साचून चेंबर तुंबतात, आणि कोट्यवधींची वाहिनी चोक काढणाऱ्या कामगारांच्या भरवशावर राहते. माणशी १३५ लिटर पाणी खात्रीने देता येत नाही तिथे भुयारी गटाराचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या वाईत वेगळा मार्ग निवडला गेला. सुमारे ३६ हजार वस्तीचे कृष्णाकाठचे शहर. २०१८ पासून येथे सेप्टिक टँक ठरलेल्या वेळापत्रकाने उपसण्याची सेवा सुरू झाली. तक्रार येईपर्यंत थांबायचे नाही, शहराचे भाग पाडून दर तीन वर्षांनी प्रत्येक टँक उपसायची. काम खासगी ठेकेदाराकडे, त्याचे पैसे प्रत्यक्ष उपसलेल्या टँकशी बांधलेले, आणि खर्चासाठी घरमालकाकडून एकरकमी भाडे न घेता स्वच्छता कर. उपसलेला गाळ मैला गाळ प्रक्रिया केंद्रावर जातो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने या कामात नगरपरिषदेला सहकार्य केले, आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नरमध्येही हीच पद्धत आली.

गणित मोठे नाही. २२ हजार वस्तीच्या शहरात पाच हजार मिळकती धरल्या, तर वर्षाला सोळा-सतराशे टाक्या, आणि तीनशे कामाचे दिवस धरले तर रोज पाच-सहा. दोन टँकर हे काम करू शकतात. अडचण येते ती टाकीचे झाकण शोधताना. लोकांनी त्यावर फरशी बसवलेली असते, स्वयंपाकघर बांधलेले असते. म्हणून सुरुवातीला प्रत्येक घरी जाऊन टाकी कोठे आहे, केवढी आहे आणि झाकण उघडते का, याची नोंद करावी लागते. बांधकाम परवानगी देतानाच उघडता येईल असे झाकण आणि टँकर पोहोचेल एवढा मार्ग सक्तीचा केला पाहिजे.

मांडवीतीर

कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा गोव्यातून पुढे नेते. आमच्याकडे पाणीपुरवठा नगरपालिकेकडे नसून राज्याच्या खात्याकडे आहे. मैलावाहिनीसाठी २००१ पासून स्वतंत्र महामंडळ आहे. येथे अडचण वेगळी दिसते. वाहिनी घरासमोरून गेली, प्रक्रिया केंद्रही उभे राहिले, तरी पुष्कळ घरे जोडणी घेत नाहीत. आवारातली फरशी फोडावी लागते, खर्च घरमालकाचा, आणि जुनी टाकी चालू असल्यामुळे निकड वाटत नाही. मग केंद्राला पुरेसे मैलापाणी मिळत नाही आणि जवळच्या ओहोळात मात्र ते येत राहते. वाहिनी टाकणाऱ्या कंत्राटातच घराच्या चेंबरपर्यंतची जोडणी धरावी, असे मला वाटते.

दराविषयी म्हणाल, तर २०२१ मध्ये आमच्या सरकारने महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत केले. ते शक्य झाले, कारण घरोघरी मीटर आधीपासून होते. मोफत द्यायचे असले तरी मोजावेच लागते.

सावित्री_चौक

एक गोष्ट या चर्चेत अजून आली नाही. ‘चोक काढणारे कामगार’ असे वर सहज लिहिले गेले. संरक्षक साधनांशिवाय चेंबरमध्ये माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, आणि संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावणे त्यात निषिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी लहान शहरात बिघाड झाला की खासगी माणसाला रोख पैसे देऊन उतरवले जाते, आणि नगरपरिषदेच्या कागदावर तो कोठेच नसतो. टाकीतला वायू डोळ्यांना दिसत नाही. एक माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात.

वाहिनी टाकण्याच्या प्रस्तावातच जेटिंग व सक्शन यंत्राची (दाबाच्या पाण्याने चोक काढणाऱ्या व मैला शोषून घेणाऱ्या यंत्राची) खरेदी, चालक आणि डिझेल यांची तरतूद असल्याशिवाय त्याला मंजुरी देऊ नये. यंत्र परवडत नसेल, तर शेजारच्या तीन-चार नगरपरिषदांनी मिळून एक घ्यावे.

कृष्णाकाठ

सावित्री_चौक, आपण लिहिले ते अत्यंत आवश्यक होते. ठेक्याच्या अटींतही हे असावे, की माणूस उतरल्याचे आढळल्यास ठेका त्या दिवशी रद्द होईल.

ओहायोकर

मी अमेरिकेत ओहायोतील एका लहान गावात राहतो, वस्ती आपल्या नगरपंचायतीएवढी. तुलना करण्याचा हेतू नाही, पैशाचे प्रमाणच वेगळे आहे. पण दोन गोष्टी पैशाच्या नाहीत. जलशुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्याला राज्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि तो टिकवण्यासाठी पुढेही प्रशिक्षण घ्यावे लागते. फिल्टरहाऊस यांनी लिहिलेली ऐकून शिकण्याची परिस्थिती त्यामुळे येत नाही. आणि दरवर्षी १ जुलैपर्यंत गावाला आपल्या पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल ग्राहकांना द्यावा लागतो. पाणी कोठून येते, त्यात काय सापडले, मर्यादा किती होती आणि कोठे उल्लंघन झाले, हे त्यात असते. माझ्या आईवडिलांच्या गावी असा एक कागद पाणीपट्टीच्या बिलामागे छापणे अवघड नसावे.

रेवती_कु

ओडिशात ‘जलसाथी’ म्हणून बचत गटांतल्या महिला हे काम करतात. बिल वाटणे, पैसे गोळा करणे, घरी पाणी तपासणे आणि तक्रार पोहोचवणे. पुरी शहरात २०२१ मध्ये नळाचे पाणी थेट पिण्याजोगे केले गेले, त्यातही त्यांचा वाटा होता. फिल्टरहाऊस दादांनी सांगितलेली ओटीची चाचणी शेवटच्या घरी जाऊन रोज करायला आमच्या बचत गटातल्या बायका तयार होतील. आठवड्याची वही त्या नगरपरिषदेला देतील. मानधन मात्र वेळेवर मिळाले पाहिजे.

फिल्टरहाऊस

रेवतीताई, हे झाले तर मलाही मदत होईल. टोकाच्या नळाला क्लोरीन नाही हे मला संध्याकाळी कळले, तर दुसऱ्या दिवशीची मात्रा मी बदलू शकतो. आज मला ते कळतच नाही.

नवी_सदस्या

नमस्कार. मी नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आले आहे आणि पाणीपुरवठा समितीवर आहे. हा संपूर्ण धागा वाचला. आमच्याकडे एकही बल्क मीटर चालू नाही. मागणी केली तर ‘निधी नाही’ असे उत्तर मिळते, आणि गळती किती आहे असे विचारले तर ‘फारशी नाही’ असे सांगतात. जलकुंभ सर, मीटर येईपर्यंत मी काय करू शकते?

जलकुंभ (धागाकर्ता)

ताई, मीटर नसतानाही दोन आकडे मिळतात. त्यासाठी एक मोजपट्टी, एक बालदी आणि घड्याळ लागते.

उंच टाकीचा आतील व्यास कार्यालयातील नकाशावर असतो. तो १२ मीटर असेल, तर टाकीचे क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर, म्हणजे पातळीतला प्रत्येक सेंटिमीटर १,१३० लिटरांचा. टाकीचा निर्गम व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायला सांगा, पंप सुरू ठेवा आणि एका तासात पातळी किती चढते ते मोजा. ४० सेंटिमीटर चढली, तर पंपाने तासाला सुमारे ४५ हजार लिटर पाणी टाकीत आणले. पंपाच्या पाटीवर यापेक्षा बरेच जास्त लिहिलेले असेल, तर एक तर पंप झिजला आहे किंवा जॅकवेल ते टाकी या वाहिनीत गळती आहे. निर्गम व्हॉल्व्ह खरोखर बंद होतो का, हे आधी पाहून घ्या. पुष्कळदा तो पूर्ण बसत नाही.

मग एकाच झोनला पाणी सोडण्याच्या दिवशी आवक बंद ठेवून पातळी किती उतरते ते पाहा. दीड मीटर उतरली, तर १ लाख ७० हजार लिटर गेले. त्या झोनमध्ये २५० जोडण्या असतील, तर प्रत्येक घराच्या वाट्याला ६८० लिटर यायला हवेत. आता त्याच दिवशी सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या काही घरांत जाऊन १५ लिटरची बालदी भरायला किती वेळ लागतो आणि पाणी एकूण किती वेळ येते ते लिहून घ्या. मोटार त्या वेळी बंद ठेवायला सांगा. दोन मिनिटांत बालदी आणि पाऊण तास पाणी असे सरासरी आले, तर घराला मिळाले ३४० लिटर. उरलेले अर्धे पाणी गळतीत, नोंद नसलेल्या जोडण्यांत किंवा मोटारींच्या ओढीत गेले. ही पद्धत ढोबळ आहे, पण ‘फारशी नाही’ या उत्तरापेक्षा नक्कीच अचूक आहे.

मोजताना व्हॉल्व्हमन आणि अभियंता या दोघांना बरोबर घ्या, व्हॉल्व्हचे किती आटे उघडले तेही लिहून ठेवा, आणि कागदावर तिघांच्या सह्या घ्या. तो कागद मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक-जावक शाखेत देऊन पोच घ्या आणि पुढच्या समिती सभेच्या विषयपत्रिकेत तो लावायला सांगा. बल्क मीटरची मागणी त्याच विषयात, त्याच झोनच्या टाकीसाठी, एका मीटरपुरती करा.